आपले गाव कोणी वसविले?

(ग्रामदैवताच्या मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



समितीने मला 'गावाचा प्राचीन इतिहास' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. शिक्षण एस. एस. सी. पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. परंतु इतकी वर्षे गावोगावचे आकारबंद, फेरफार, इनामाची पत्रके आणि गावनकाशे हाताखालून गेल्यामुळे जुन्या कागदांची थोडी सवय झाली आहे. त्या सवयीवर भिस्त ठेवून चार गोष्टी सांगतो. चुकेल ते वडिलांनी सांभाळून घ्यावे.

विषय नुसता इतिहासाचा असता तर मी इतका संकोचलो नसतो. पण आपणा सर्वांना ठाऊक आहे की नव्या सभामंडपात एक शिळा बसवावयाची आहे आणि तिच्यावर 'गावाचे मूळ संस्थापक' म्हणून कोणाचे नाव कोरावे यावरून गेले चार महिने गावात कुजबूज आहे. वरची आळी म्हणते, गाव आमच्या मूळ पुरुषाने वसविले. खालची आळी म्हणते, तुम्ही आलात तेव्हा आमच्या चुली पेटलेल्या होत्या. पेठेतील मंडळींचे म्हणणे असे की बाजार आम्ही भरविला म्हणून याला गाव म्हणायचे, नाहीतर ही नुसती वाडी होती. तिन्ही बाजूंची माणसे माझ्याकडे 'कागद काढून द्या' म्हणून येऊन गेली. तिघांनाही मी चहा पाजून परत पाठविले. आज एकदमच सर्वांपुढे बोलतो, म्हणजे एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे सांगितले असे होणार नाही.

प्रथम एक शब्द घेऊ. आपण सगळे 'पांढरी' हा शब्द वापरतो. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. वस्तीच्या जागेला पांढरी का म्हणावे? माणसे एका जागी पिढ्यान् पिढ्या राहिली की चुलीची राख, सारवण, पडलेल्या मातीच्या भिंती हे सगळे थरावर थर साचते आणि माती पांढुरकी होते. जुने गाव थोडे उंचवट्यावर दिसते ते पुष्कळदा या साचण्यामुळे. ही माती पिकाला चांगली म्हणून आपल्या वाडवडिलांनी ती गाड्या भरभरून शेतात नेली. त्यात त्यांचा दोष नाही, पण पुरावाही त्याच गाड्यांतून गेला.

अशा पांढऱ्या उकरून विद्वानांनी पुष्कळ शोधून काढले आहे. शिरूर तालुक्यात घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी तेथे शेतकऱ्यांचे गाव होते. जव पिकत होता, पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट काढलेला होता, मुख्य माणसाचे घर इतरांपेक्षा मोठे आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. म्हणजे त्या काळीही पाटीलकी होतीच म्हणायची! हे गाव आठ-नऊशे वर्षे नांदले. मग पाऊसमान बिघडले, चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी होऊन गुरे-शेळ्यांवर पोट भरू लागले आणि ख्रिस्ताच्या आधी सुमारे सातशे वर्षे गाव सुटले. हे लक्षात ठेवा, कारण गाव वसणे आणि गाव सुटणे ही जोडी पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता आपल्या जवळच्या काळात येऊ. 1396 साली दुर्गादेवीचा दुष्काळ सुरू झाला. तो बारा वर्षे चालला असे सांगतात. सातारच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या ग्रँट डफने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात याची हकीकत आहे. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधला मुलूख इतका ओस पडला की पुढे तीस वर्षे सरकारला वसूल जवळजवळ मिळाला नाही. डोंगरी किल्ले ज्याच्या त्याच्या हाती गेले, वाटांवर लुटारू बसले. मग 1429 साली बहामनी बादशहाने फौज पाठविली आणि तिच्याबरोबर दादो नरसू काळे नावाचा एक जाणता ब्राह्मण कारभारी आणि दरबारातील एक तुर्की खोजा असे दोघे मुलूख लावण्यासाठी पाठविले.

या दोघांचे काम मला कारकून म्हणून फार भावते. त्यांच्यापुढे अडचण कोणती? गावांच्या जुन्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या. सांगणारे मेले होते किंवा परागंदा झाले होते. तेव्हा त्यांनी शिवा नव्याने ठरविल्या आणि दोन-दोन, तीन-तीन जुनी गावे मिळून एकेक गाव केले. जो कोणी नांगर धरील त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्याला एक तोबरा धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात ती. मोजायला माप नाही, तागडी नाही, मोजणारा कारकून नाही, तेव्हा घोड्याची पिशवीच माप झाली.

यावरून एक गोष्ट उघड होते. आपल्या मुलखातील पुष्कळ गावे ज्या रूपात आज दिसतात, ती दोन-तीन मोडक्या गावांची मिळून झालेली आहेत. मग 'मूळ' म्हणायचे ते यांतले कोणते?

आमच्या दफ्तरात एक शब्द आहे, 'बेचिराग'. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाला शीव आहे, नकाशा आहे, आकारणी आहे, पण संध्याकाळी दिवा लागत नाही ते गाव बेचिराग. आपल्या शिवारात ओढ्यापलीकडे एक नंबर आहे, त्याला जुनी माणसे 'पांढरीचे रान' म्हणतात. तेथे आज एकही घर नाही. पण बांधाला मारुती आहे. आपण दर शनिवारी त्याला तेल घालतो आणि मारुती रानात एकटा का, असे कोणी विचारीत नाही. मारुती रानात आपोआप येत नसतो. तो वेशीवर बसवितात. वेस गेली, गाव गेले, मारुती राहिला. आणि वरच्या आळीतील काही घरांत लग्नाचा पहिला विडा आपल्या वेशीतील मारुतीला न ठेवता त्या रानातल्या मारुतीला ठेवतात, हेही आपणांस माहीत आहे. ही मंडळी एके काळी ओढ्यापलीकडे नांदत होती आणि ते गाव मोडल्यावर इकडे आली, असाच मी याचा अर्थ लावतो. यात कमीपणा काही नाही. उलट सातआठ पिढ्या गेल्या तरी ज्यांनी आपला जुना दिवा विझू दिला नाही, अशी ती माणसे आहेत.

खालच्या आळीने एवढ्यावरून हसू नये. त्यांचीही हकीकत पुढे येते.

1630 साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने कसबे पुणे जाळले, वस्तीवर गाढवाचा नांगर फिरविला आणि पहार ठोकली, असे सांगतात. त्याच वेळी 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ पडला. तुकोबांच्या घरावर जो घाला आला तो याच दुष्काळाचा. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी पुण्यास आल्यावर शहाजीराजांच्या जहागिरीचा कारभार नव्याने बसविण्यात आला. तेव्हा पुणे, सुपे, मावळ या भागांत लोक परत आणून बसविले ते कशाच्या जोरावर? कौलाच्या.

कौल म्हणजे सरकारने दिलेले वचन. तुम्ही या, पडीक जमीन लावा, पहिली वर्षे नाममात्र द्या, पुढे वर्षावर्षाला चढते द्या, आणि अमुक वर्षांनी पुरा धारा द्या. या चढत्या आकाराला इस्तावा म्हणत. बैल नसेल, बी नसेल तर तगाई मिळे. मलिक अंबर 1626 साली वारला, पण त्याने ठरविलेला धारा पुढे पुष्कळ वर्षे माप म्हणून चालत होता. इस्तावा संपला की त्या धाऱ्यावर यायचे, असे करार होत. म्हणजे त्या काळी राजाला जमिनीची वाण नव्हती, माणसांची होती. गावाला माणूस हवा होता. त्याचा मूळ पुरुष कोण, हे विचारण्याची कोणाला सवड नव्हती.

आता जमिनीच्या तीन जुन्या जाती सांगतो. मिरासदार म्हणजे वंशपरंपरेचा हक्कदार. उपरी म्हणजे बाहेरून येऊन कराराने जमीन कसणारा. आणि गतकूळ म्हणजे ज्या कुळाचा वंश संपला किंवा जे परागंदा झाले त्याची जमीन. या गतकुळाच्या जमिनी पाटील आणि गाव मिळून नव्या माणसाला मिरासपत्र करून देत. कालचा उपरी पैसे भरून आज मिरासदार होई. त्याच्या नातवाच्या काळी तो मिरासदार होताच, आणि पणतू तर 'आम्ही मूळचे' म्हणून मिशीला पीळ देई. आपल्या खालच्या आळीच्या मळ्यांपैकी एकाला अजून 'गतकुळाचा मळा' म्हणतात. नाव बदलावे असे कोणाच्या मनात आलेले नाही, म्हणून बरे. कोणा एका संपलेल्या घराण्याची तेवढीच खूण गावात उरली आहे. आज 'उपरा' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. आपल्या सर्वांचेच कोणी ना कोणी पूर्वज उपरी होते, एवढे ध्यानात ठेवून वापरावा.

पेठेकडे वळतो. सातबाऱ्यावर बहुतेक गावांच्या नावाआधी 'मौजे' लिहितात, आपल्या नावाआधी 'कसबे' आहे. मौजे म्हणजे साधे शेतीचे गाव. कसबे म्हणजे जेथे बाजार आहे, परगण्याचा कारभार आहे, कसबी माणसे आहेत ते. पेठ आपोआप वाढत नाही, तीही कौलानेच वसवीत. एखाद्या उदमी माणसाला शेटेपणाचे वतन देत आणि त्याने वाणी, साळी, तेली, कासार अशी माणसे बाहेरून आणून बसवावयाची. आलेल्यांना काही वर्षे पट्टी आणि जकात माफ. महाजनाने त्याच्या जोडीला हिशेब पाहायचा. पुण्याची सदाशिव पेठ थोरल्या माधवरावांच्या काळची. तिच्या आधीच्या पेठांतूनही बाहेरगावचे व्यापारी असेच सवलती देऊन आणले होते. तेव्हा पेठेतील मंडळींनी सांगितलेले बरोबर आहे, बाजारावाचून कसबा होत नाही. पण बाजाराला माल आणि गिऱ्हाईक दोन्ही आळ्यांनी पुरविले, हेही तितकेच बरोबर आहे.

येथपर्यंत तीन पक्षांचे झाले. चौथा पक्ष माझ्याकडे कागद मागावयास आलाच नाही, त्याच्याविषयी बोलल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

जुन्या काळी दोन गावांत शिवेचा तंटा पडला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे वतनदार जमत. निवाड्याच्या कागदाला महजर म्हणत. ज्याला लिहिता येत नसे त्याची निशाणी काढीत, कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा, सुताराचा वाकस. ही निशाण्यांची ओळ पाहिली म्हणजे सगळे गाव डोळ्यांपुढे उभे राहते. पण शीव नेमकी कोठून जाते हे सांगायचे कोणी? ते महाराने. त्याने शीव पायाखाली चालून दाखवायची आणि गावांनी ती मानायची. चुकीचे चालला तर त्याच्या वंशावर शपथ. वेशीची राखण, सरकारी निरोप, वसूल कचेरीत पोचविणे, मेलेले ढोर ओढणे ही सगळी कामे त्याच्याच माथी. रात्रीची गस्त रामोशाची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली 'गावगाडा' हे पुस्तक लिहिले, त्यात या सगळ्या व्यवस्थेचे बरेवाईट वर्णन आहे. ज्याला गावाचा इतिहास कळावा असे वाटते त्याने ते वाचावे.

आणि ज्याच्या शब्दावर गावाची शीव ठरत होती, त्याला याच देवळाची पायरी चढू देत नव्हते. मुंबई राज्यात मंदिरप्रवेशाचा कायदा 1947 साली झाला. त्याच वर्षी साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरीच्या विठोबाचे दार सर्वांना उघडले. कनिष्ठ गावकी वतने रद्द करणारा कायदा 1958 सालचा. या तारखा फार जुन्या नाहीत. त्या काळची माणसे आमच्या लहानपणी गावात होती, त्यांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे. शिळेवर गाव वसविणाऱ्यांची नावे घालायचीच असतील तर ज्याने शीव चालून दाखविली त्याचे नाव कोठे घालणार, हे समितीने मला सांगावे.

आता कागदांचे. प्रत्येक घराण्याकडे जो 'जुना कागद' म्हणून दाखवितात तो बहुधा इंग्रजी मोजणीनंतरचा असतो. पेशवाई 1818 साली गेली. इंग्रजांनी पुणे जिल्ह्यात प्रिंगल या साहेबाकडून मोजणी आणि आकारणी करविली. तिचे दर इतके अवाच्या सवा बसले की रयत शेते टाकून निजामाच्या हद्दीत जाऊ लागली. दुष्काळ नाही, परचक्र नाही, नुसता दर चुकला आणि गावे पुन्हा ओस पडू लागली. आम्हां महसुलातल्या लोकांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे. मग 1836 साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पद्धत सुरू केली. शेतांचे नंबर पाडले, हद्दीला दगड लावले, तेहेतीस फुटांची साखळी, सोळा आण्यांची, आणि दर तीस वर्षे कायम. 1847 साली तिचे नियम एकत्र झाले. आपला आजचा गटनंबर, गुंठा आणि आकार हे सगळे त्या साखळीचे वंशज. एक गुंठा म्हणजे ती साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक.

त्या मोजणीच्या दिवशी जो शेतात उभा होता त्याचे नाव खात्याला लागले. त्याच्या आधी तेथे कोण होते, हे मोजणीदाराने विचारले नाही, त्याचे ते कामही नव्हते. तेव्हा तो कागद जमिनीच्या हक्काला चांगला, पण गाव कोणी वसविले याला तो उपयोगाचा नाही.

शेवटी देवळाविषयी. आपण त्याला हेमाडपंती म्हणतो. हेमाद्रीपंडित देवगिरीच्या यादवांचा मंत्री, महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी होता, म्हणजे तेराव्या शतकातला. पण चुन्यावाचून दगडावर दगड बसविलेली अशी देवळे त्याच्या आधीपासून बांधीत असत, आणि लोक सरसकट सगळ्यांना त्याचे नाव देतात. आपले देऊळ एकाच वेळचे नाही. गाभारा जुना, मंडपाच्या भिंतीत विटा आणि चुना, शिखर त्याच्याही नंतरचे. बघणाऱ्याला ते दिसते. गावासारखेच तेही मोडून पुन्हा उभे राहिलेले आहे.

उत्तरेकडच्या आवारात दोन दगड पडलेले आहेत. एकावर तीन चौकटी आहेत. खालच्या चौकटीत गाई आणि शस्त्रे घेतलेली माणसे, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. हा वीरगळ. गावाची गुरे पळविणाऱ्यांशी लढताना कोणी मेला, त्याच्यासाठी तो कोणी उभा केला. नाव कोरलेले नाही. दुसऱ्या दगडावर कोपरात वाकविलेला बांगड्या भरलेला हात आहे, वर चंद्र-सूर्य. ती सतीची शिळा. सती ही चाल वाईटच होती आणि 1829 च्या कायद्याने बंद झाली ते उत्तम झाले. पण ती बाई या गावची होती आणि तिचा हात एवढाच राहिला आहे. गावात आज ज्यांची नावे शिळेसाठी सुचविली गेली आहेत त्या सर्वांच्या आधीची ही दोन माणसे आहेत, असे दगडांच्या घडणीवरून मला वाटते.

हे दोन्ही दगड ओट्याच्या भरावात टाकावयाचे ठरले असल्याचे गवंडी काल मला म्हणाले. दगड चांगले घट्ट आहेत, भरावाला सोयीचे पडतील, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या दृष्टीने त्यांचे बरोबर आहे. समितीला माझी हात जोडून विनंती आहे की ते टाकू नयेत, आणि त्यांना तेलाचा रंगही फासू नये. पिंपळाच्या पारालगत हातभर उंचीचा कट्टा करून ते उभे करावेत. लागणारी वाळू आणि सिमेंट मी देतो.

आणि शिळेविषयी माझी सूचना अशी. जुन्या महजरांत सगळ्या गावाच्या वतीने लिहिताना 'समस्त पांढरी' असे लिहीत. त्यात पाटील आला, कुणबी आला, बारा बलुतेदार आले, वेशीबाहेरचाही आला. शिळेवर जीर्णोद्धाराचे वर्ष आणि त्याखाली 'समस्त पांढरी' एवढेच कोरावे. देणगीदारांची यादी निराळी, ती रकमेप्रमाणे लावायची की अकारविल्हे, ते समितीने ठरवावे, त्यात मी पडत नाही. पाथरवट येत्या सोमवारी येणार आहे, तेव्हा निर्णय त्याच्या आधी व्हावा. दोन दगडांचे मात्र सोमवारपर्यंत थांबता येणार नाही. भराव उद्या सकाळी सुरू होणार आहे. सभा संपल्यावर आठ-दहा तरुणांनी पहारी आणि दोर घेऊन उत्तरेच्या बाजूला यावे, मी तेथेच थांबतो.